तीन प्लग आन् एक नाक

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

बाबूसिंगले हो म्हणून बसलो! आता डोकं धरून बसलो.

दुपारी गॅरेजवर आलता. धरणाच्या पाण्यात बोट चालवते तो, अलीकडच्या घाटावरून पलीकडं सावरखेड्याले माणसं नेते-आणते. म्हणे, "मिस्त्री, इंजिन मिसिंग मारून राह्यलं. मधातच खोकलते आन् बंद पडते. काल पान्याच्या मधोमध अर्धा घंटा बसलो, बाया घेऊन." बोटीच्या पोटात जुन्या व्हॅनचं इंजिन आहे. तीन सिलिंडर, तीन प्लग. ज्यानं बसवलं तो मिस्त्री नागपूरले निघून गेला. मंग उरलं कोण? बाभुळगावचा कलीम मिस्त्री! चार लोकांपुढं बाबूसिंग म्हणे, "कलीमभाई नाकानं इंजिन वयखते." सगळे हसले. मीबी हसलो.

आता लिहितो ते कोणालेच सांगतलं नाही. जुबैदालेही नाही. घरात आमची हिंदी, अन् ती उर्दू शाळेची, तेही चौथीपर्यंत – मराठी अक्षर तिले लागत नाही. म्हणून ही वही बेधडक उशाशी ठेवतो.

माह्यं नाक गेलं. कोरोनात गेलं ते आलंच नाही. चार वर्षं झाली. चहा, कांदा, गटार, गुलाब – सगळं सारखं, म्हणजे काहीच नाही. पेट्रोलही नाही.

अब्बा म्हणत – आधी नाक, मंग पाना. सरदार मिस्त्रीचा पोरगा म्हणून आर्णीवरून, घाटंजीवरून गाड्या येतेत माह्याकडं. पहिले धूर हुंगला की सांगत होतो, हिचं कार्बोरेटर, हिचं ऑइल. आता आवाजावर सांगतो, हातावर सांगतो, उरलेलं ठोकून देतो. निभते. रस्त्यावरच्या गाडीले निभते.

पण बोट! गाडीतून पेट्रोल गळलं तं जमिनीवर पडते, हवा घेऊन जाते. बोटीतून जाईन कुठं? तळात बसते. त्याची वाफही खालीच बसते, जड असते ती. वरून इंजिनवर लाकडी खोका बंद. अन् त्या खोक्याच्या चारी बाजूनं माणसं बसलेली. तिथं मिस्त्रीचं नाकच पाहिजे.

नाही म्हणता आलं असतं. काहून नाही म्हटलं नाही? चार लोक हसले म्हणून!

सोमवार, १० नोव्हेंबर

उजवा हात अजून चुरचुरून राह्यला.

नऊ वाजता घाटावर पोचलो. बाबूसिंगनं खोका उघडला. आत इंजिन गच्च बसवलं आहे, हात घालाले जागा नाही. पहिला प्लग सरळ निघाला. काजळीनं कायाकुट्ट! करंट येते का नाही पाहाले पाहिजे. तीस वर्षं जे केलं तेच केलं – प्लगले वायर लावली, इंजिनच्या अंगाले टेकवला, म्हटलं, "मार सेल्फ."

भप्प!

प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ भायेर आली अन् ठिणगीनं धरली. माह्या तोंडापुढून जाळ गेला अन् विझला. एक सेकंद, तोही पुरा नाही. मी मांगं पडलो, तळातल्या पाण्यात. उजव्या हातावरचे केस गेले. भिवई अर्धी गेली.

रस्त्यावर हजार वेळा असाच करंट पाह्यला. कधी काही झालं नाही, कारण भोवती मोकळी हवा असते. अन् काही असलं तं आधी नाक सांगत होतं – थांब बे कलीम, वास आहे. आज कोण सांगन?

बाबूसिंग त्याच्या बंजारा बोलीत आईचं नाव घेऊन वरडला, "याडी ये! काय झालं?"

"काही नाही. काजळी जळली."

"वास तं काही आला नाही," तो म्हणे.

पाण्यात बसल्या बसल्या मले तेवढंच आयकू आलं. वास आला नाही! म्हणजे तळात पेट्रोल साचलेलं नव्हतं, छिद्रातलंच थोडंसं होतं. अन् दुसरी गोष्ट – बाबूसिंगले नाक आहे. माह्यं काम त्याच्या नाकानं होते की! फक्त त्याले समजलं नाही पाहिजे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जुबैदा – "भौं किधर गई तुम्हारी?" म्हटलं, वेल्डिंगवाल्याच्या दुकानात गेलतो. तिनं दोन वेळा पाह्यलं. काजळाची पेन्सिल आणून दिली. गालात हसत होती.

आज घाटावर गेलो नाही. प्लग आणाले यवतमाळले गेलतो. तीन नवे आणले. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, काचेच्या बांगड्या आणल्यासारखे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुसरा निघाला. तिसरा निघत नाही!

तिसरा प्लग पार मांगं, बोटीच्या भिंतीकडं. पेट्रोलची नळी त्याच्या आडवी येते. नळी काढली, तोंड चिंधीनं बंद केलं, मंग कुठं पाना बसला. अन् प्लग जाम. पाण्यातल्या दमटीनं गंज धरला. ज्यात प्लग बसते ते हेड ॲल्युमिनियमचं – जोर लावला तं आतले पेचाचे आटे पिठासारखे निघतेत. मंग नवा प्लगही बसत नाही अन् जुनाही. हेड काढा, नागपूरले पाठवा, पंधरा दिवस बोट बंद.

अन् वेचणीचे दिवस. पलीकडं रामरावच्या वावरात कापूस फुटून लोंबून राह्यला. या बाजूच्या अठ्ठावीस बाया रोज बोटीनं वेचाले जातेत. सोमवारपासून त्या टेम्पोत कोंबून चौतीस किलोमीटर फिरून जाऊन राह्यल्या. त्यायच्या टोळीची म्होरकी विजयमाला आज घाटावर आली. तोंड म्हणजे कैची! म्हणे, "मिस्त्री, तुमचं होते, का आमी पोहत जावं?"

मी म्हटलं, "पोहता येते का?"

"तुमच्या आधी पोचतो."

बाबूसिंग हसला. मले राग आला. दिवसभर पाना हातात धरून बसलेल्या माणसाले कोणी असं बोलते काय! मंग वाटलं, ती तं खरंच बोलली.

प्लगच्या बुडाशी गंज काढाचं तेल सोडलं. उद्यापर्यंत भिजू दे. नळी जोडली नाही, तशीच ठेवली.

जाता जाता बाबूसिंगले सहज इचारलं, तोंड दुसरीकडं करून – "वास-गिस येते काय रे?"

त्यानं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "नाही, मिस्त्री. काही नाही."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

निघाला!!

अब्बाची रीत. सोडताना थोडं उलटं, मंग थोडं सुलटं, मंग परत उलटं. इतकसं, नखाएवढं. मधात दम घ्याचा. मधात शिवी द्याची. दीड घंटा लागला. शेवटी कट्ट करून आवाज आला – माह्या काळजातच झाला. वाटलं, आटे गेले. करंगळी आत घालून पाह्यलं. नाही! आटे शाबूत. बाबूसिंगचा हात धरून उड्याच माराच्या राह्यल्या होत्या.

नवे तिन्ही प्लग हातानं फिरवून बसवले. पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्याले. पोट्टे लोक पहिल्या फेऱ्यापासून पाना लावतेत अन् आटे खातेत. नळी परत जोडली. अंगठ्यानं दाबून पाह्यली.

या वेळी करंट पाह्यला नाही. शपथ घेतली आहे, बोटीत कधीच पाहणार नाही.

सेल्फ माराच्या आधी थांबलो. तळात काही असन तं? तळातल्या पाण्यावर रंग दिसते, पण तिथं इंजिनचं ऑइल नेहमीचंच आहे, रंगावरून समजत नाही. मंग एक केलं. तळातलं पाणी डब्यात घेतलं, दूर काठावर, गोट्यावर ओतलं, अन् वरून जळती काडी टाकली. काडी चुर्र करून विझली. परत टाकली. परत विझली.

बाबूसिंग पाहून राह्यला होता. "हे काय करता?"

"तपासणी. तुले वास आला काय?"

"नाही."

दोन-दोन साक्षी झाल्या. बिस्मिल्ला म्हटलं. "मार सेल्फ."

काय चाललं राजेहो! एका धडाक्यात! तिन्ही सिलिंडर एका सुरात. बाबूसिंगनं टोपी काढून वर फेकली, पाण्यात पडली, मंग काठीनं काढत बसला. मी बोटीच्या काठाले टेकून आयकत होतो. कान तं माह्ये शाबूत आहेत. अल्लाचे उपकार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जुम्मा. मशिदीतून निघताना सलीमचाचा म्हणे, "क्या कलीम, किसकी शादी है? दूर तलक महक रहा है." अत्तर जास्त झालं असन. मले काय समजते! अंगाले पेट्रोलचा वास असन म्हणून दोन वेळा लावतो, कधी तीन वेळा. लाज वाटली. घरी येऊन मान रगडून धुतली.

जुबैदाले सांगून टाकावं काय? चार वर्षं झाली तिच्या हातचं जेवून "वा" म्हणून राह्यलो. चव अर्धीच लागते. सांगतलं तं ती रडन. त्याच्याहून वाईट म्हणजे ती तिच्या बहिणीले सांगन. बहीण म्हणजे आकाशवाणी. आठ दिवसात गॅरेज रिकामं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज बोट फिरवून पाह्यली. बाबूसिंग, मी अन् रामराव. रामरावले पलीकडं आपल्या वावरात जाचं होतं, म्हणे येतो.

पाण्याच्या मधोमध आलो अन् रामरावनं बिडी काढली. माचिस पेटवली! मी उठलो अन् त्याच्या हातावर हातच मारला. माचिस पाण्यात गेली.

"अबे, येडा झाला काय कलीम?"

"बोटीत बिडी नाही."

"दहा वर्षं झाली, याच बोटीत पेतो मी!"

"आता नाही."

त्यानं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. साठ वर्षांचा माणूस, मानाचा माणूस. पलीकडं उतरला अन् सरळ वावराकडं निघाला. बाबूसिंग म्हणे, "लय झालं, मिस्त्री. रामराव आहे तो." मी काय सांगू त्याले? तो बिडीचा विस्तू अन् माह्या गुडघ्याशी तो खोका.

येताना खोका उघडाले लावला. "वास?"

"नाही."

रविवार, १६ नोव्हेंबर

काही नाही. गॅरेज बंद. दिवसभर वाकळीवर पडून. उद्या बाया जातीन.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गेल्या. आल्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

मी सोबत गेलतो. काय काम म्हणून गेलो? तं म्हटलं, नवीन प्लग आहेत, आवाज आयकाले पाहिजे. सकाळी निघाच्या आधी खोका उघडला, बाबूसिंगले वाकवला, इचारलं. "नाही." काडीची तपासणी कराची होती, पण एवढ्या बायांपुढं पाण्यावर काड्या टाकत बसलो असतो तं विजयमालानं वेचणी सोडून माह्यावरच गाणं रचलं असतं. बाबूसिंगचं नाक होतंच.

बाया खोक्याच्या भोवती बसल्या. काही त्याच्यावरच बसल्या! मी म्हटलं, "उठा तिथून." विजयमाला म्हणे, "काहून? अंडे आहे काय खाली?" सगळ्या हसल्या. कोणी भाकर काढली, कोणी लेकराले पाजत होती. मी मोजत होतो. अठ्ठावीस बाया अन् एक लेकरू. धा मिनिटाचं पाणी, मले धा वर्षांचं झालं.

बोट मधात एकदाही खोकलली नाही. पलीकडं उतरताना विजयमाला म्हणे, "चांगलं केलं मिस्त्री, आवाज गोड झाला." तिच्या तोंडून हे! कोणाले तोंड दिसू नये म्हणून इंजिनकडं वाकलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आजही गेल्या, आल्या. "वास?" – "नाही."

बुधवार, १९ नोव्हेंबर

सांगून टाकलं.

झालं असं. सकाळच्या फेरीनंतर बाबूसिंग म्हणे, "मिस्त्री, आता तुमी रोज कायले येता? बोट चोख चालून राह्यली. तुमच्या गॅरेजवर गाड्यायची लाइन असन." खरंच आहे. तीन दिवसांपासून गॅरेजले कुलूप. म्हटलं, "बरं. पण एक कर. रोज सकाळी खोका उघड अन् चांगला वास घे. पेट्रोलचा थोडाही वास आला तं बोट काढू नोको, मले फोन लाव."

तो म्हणे, "मी घेऊ? तुमी आहे ना त्याले."

घाटावर चहाची टपरी आहे, तिथं बसलो होतो. चहा हातात होता, नुसता गरम, वास काही नाही. अन् मंग मी बोललो. कसं बोललो कोण जाणे. "बाबूसिंग, मले वास येत नाही. चार वर्षं झाली. हे सगळं काम तुह्या नाकावर चाललं. माह्या भिवईचं खरं कारण तेच. म्हणून तुले इचारत होतो. तुह्या नाकानं मले वाचवलं, त्या बायाले वाचवलं. तुह्ये उपकार आहेत."

छातीवरचं पोतं उतरलं. वाटलं, आता हा हसन. नाहीतर शिवी देईन. खांद्यावर हात तरी ठेवन.

काहीच नाही! तोंड पांढरंफटक. अर्धा चहा तसाच ठेवला अन् उठला. "जातो," म्हणे. पाठीमांगं पाह्यलंही नाही.

संध्याकाळी बाया आणल्या त्यानं, मी दुरून पाह्यलं. माह्याकडं आला नाही.

आता हा सांगन सगळ्याले. सरदार मिस्त्रीच्या पोराचं नाक मेलं, लोकांच्या जिवाशी खेळते. अन् खोटं काय त्यात? खेळलोच की. चूप राह्यलो असतो तं बरं झालं असतं काय? नाही. तरी पस्तावून राह्यलो. जुबैदानं इचारलं, "तबियत ठीक है ना?" म्हटलं, हो. ताट तसंच सरकवून उठलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी घाटावर गेलो तं बाया बोटीत चढून राह्यल्या होत्या. बाबूसिंग काठावर नुसता उभा, चावी हातात. मले बाजूले नेलं. म्हणे, "मिस्त्री, मलेबी येत नाही. तुमच्यासारखंच, कोरोनापासून. बोट हातची जाईन म्हनून कोनाले बोललो नाही. तुमी इचारत होते तवा मी तुमच्या तोंडाकडं पाहो. तुमी घाबरलेले दिसत नव्हते, तं मी म्हनो – नाही."

चावी हिसकली त्याच्या हातातून. वरडलो – उतरा! सगळ्या उतरा! हळू! खोक्याले हात लावू नोका!

विजयमाला सगळ्यात शेवटी उतरली, कंबरेवर हात ठेवून. "कायले उतरवता?"

म्हटलं, "बाई, तुमच्या पाया पडतो, पेट्रोलचा वास येते काय, तेवढं सांगा."

"सांगाचं काय त्यात? सोमवारपासून येऊन राह्यला. डोकं उठते आमचं. म्या बायायले म्हटलं, मिस्त्री रोज खोका उघडून पाहून राह्यले, त्यायले मालूम असनच."